वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचा ब्लोअर

प्रश्न : माझ्या जुन्या 12 व्होल्टच्या पिकअप ट्रकचा हीटर-एसीचा ब्लोअर अधूनमधून बंद पडतो. डॅशबोर्डखाली हात घालून मोटरीवर थापट मारली की पुन्हा फिरतो. मोटर बदलायचीच का?

उत्तर : बहुधा हो. मोटरीतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजून आखूड झाले की मागच्या स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि ते कॉम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, नीट टेकत नाहीत. थापटेने तेवढ्यापुरते टेकतात. पण सैल कनेक्टरही थापटेने असाच ताळ्यावर येतो, म्हणून पैसे घालण्याआधी मल्टिमीटर लावा.

किल्ली ऑन करा, वेग सर्वांत वरचा ठेवा, आणि ब्लोअर बंद असताना मोजा. कनेक्टर मोटरीला लावलेलाच राहू द्या आणि त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या पिना दोन्ही तारांना टेकवा. कनेक्टर काढून मोजलं तर एखाद्या धाग्यावर तग धरून असलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. बॅटरीपेक्षा अर्धा-एक व्होल्ट कमी इतकाच फरक असेल आणि मोटर हलत नसेल, तर दोष मोटरीचा, किंवा कनेक्टरच्या सैल पिनेचा. आकडा फारच कमी असेल तर फ्यूज, रिले, स्विच, कनेक्टर आणि अर्थ (बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी) या क्रमाने शोधा.

इथे एक फसगत हमखास होते. अनेक जुन्या गाड्यांत मोटरीला पॉझिटिव्ह थेट येतो आणि वेगाचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून नुसता पॉझिटिव्ह तपासला तर दिवा लागतो, आणि ‘करंट येतोय, म्हणजे मोटर गेली’ असं ठरवलं जातं. प्रत्यक्षात अर्थ तुटलेला असू शकतो. मोजायचं ते मोटरीच्या दोन पिनांमध्येच.

प्रश्न : हे काम घरी जमेल का? काय सांभाळावं लागतं?

उत्तर : मोटर ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे असेल तर तासाभराचं काम आहे. काही जुन्या ट्रकमध्ये ती इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) बसवलेली असते. तिथे हात पोचवायला कधी बॅटरीचा ट्रे, कधी चाकावरचा प्लॅस्टिक पडदा सैल करावा लागतो आणि अर्धा दिवस सहज जातो. हत्यारं साधीच : 5.5, 7, 8 आणि 10 मिमी सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि फुलीचा (फिलिप्स) स्क्रू ड्रायव्हर.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. शेजारच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा. ग्लोव्ह बॉक्स उतरवा. कनेक्टर कुलूप दाबून काढा, तारांना धरून ओढू नका. मोटरीला थंड हवा देणारी रबरी नळी असेल तर तीही सोडवा, आणि नंतर ती परत लावायला विसरू नका. मोटरीच्या कडेला बहुधा तीन ते सहा स्क्रू असतात. सगळे काढले असं वाटूनही मोटर सुटत नसेल तर मागे एखादा लपलेला असतो. जुनी गॅस्केटही चिकटून बसते. अशा वेळी पेचकस घालून उचकटू नका, जुनं प्लॅस्टिक तडकतं. पातळ पट्टी कडेने फिरवली की गॅस्केट सुटते.

मोटर बाहेर आली की ती बसते त्या पोकळीत टॉर्च मारा. पालापाचोळा, उंदरांनी आणलेली कापसाची बोळी, धुळीचा थर हे सगळं व्हॅक्यूमने काढा. आत ढकललं तर ते इव्हॅपोरेटरवर (एसीच्या थंड होणाऱ्या जाळीवर) जाऊन बसतं आणि तिथून काढणं महाकठीण.

नवीन मोटर बरेचदा पंख्याशिवाय येते. जुना पंखा काढण्याआधी त्याची कड मोटरीच्या कड्यापासून किती वर आहे ते मोजून ठेवा आणि नव्या मोटरीवर तेवढ्याच उंचीवर बसवा. दोन-तीन मिमी कमी-जास्त झालं तरी पंखा घासतो. पंखा स्प्रिंग क्लिपने धरलेला असतो किंवा नटाने. नटाला कधी उलटे आटे असतात, त्यामुळे सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या बाजूने फिरवून बघा. पात्यांवर इवल्या धातूच्या क्लिपा दिसल्या तर त्या कचरा समजून काढू नका, त्या समतोलासाठी आहेत.

मोटर फायरवॉलवर असेल तर गॅस्केट नवीच घाला. तिथल्या फटीतून पावसाचं पाणी आणि इंजिनाचा धूर दोन्ही केबिनमध्ये येतात.

आता कनेक्टर. तो करपलेला, पिवळट किंवा पिना सैल झालेला असेल तर नव्या मोटरीबरोबर तो तसाच ठेवणं म्हणजे पुढच्या बिघाडाची सोय करणं. सैल पिनेत रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने पीन आणखी सैल. तारांसकट नवा कनेक्टर मिळतो. जोड तेवढ्याच किंवा जाड तारेने, नीट क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून करा. तारा पिळून टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. ग्लोव्ह बॉक्स चढवण्याआधी सगळे वेग चालवून बघा.

प्रश्न : नवी मोटर फिरते, आवाजही जोरात आहे, पण वारा अगदीच कमी.

उत्तर : मोटर उलटी फिरत असणार. पिंजऱ्यासारखा हा पंखा उलटा फिरला तरी वारा त्याच बाजूने फेकतो, फक्त पात्यांची वक्रता विरुद्ध पडल्याने जोर जातो. म्हणून पटकन लक्षात येत नाही. कनेक्टर नव्याने जोडताना तारांची अदलाबदल झाली असेल तर त्या बदला. तारा बरोबर असतील तर पंखा दुसऱ्या दिशेचा आला आहे, जुन्याशी ताडून बघा.

प्रश्न : ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो. रेझिस्टर बदलला की काही दिवस ठीक, मग पुन्हा तेच.

उत्तर : रेझिस्टर मोटरीचा करंट कमी करून खालचे वेग देतो. सर्वांत वरच्या वेगाला करंट त्याला वळसा घालून जातो, म्हणून तो वेग चालतो. रेझिस्टर पुन्हा जळतो याचं कारण त्याच्या बाहेर शोधा. जड झालेली मोटर जास्त करंट खेचते. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावा (साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा 10 अँपिअर, त्यावर मोजू नका). वरच्या वेगाला करंट सतत फ्यूजच्या आकड्याला टेकत असेल तर मोटर बदला. दुसरं कारण तुंबलेला केबिन फिल्टर. रेझिस्टर मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो, वारा अडला की तो तापतो आणि त्याचा थर्मल फ्यूज उडतो. तो फ्यूज तारेने जोडणं किंवा डब्यात मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

प्रश्न : 24 व्होल्टच्या ट्रकला 12 व्होल्टची मोटर बसते. लावू का?

उत्तर : बसली तरी लावू नका, दुप्पट व्होल्टेजवर ती जळेल. मोटर आणि रेझिस्टर दोन्ही 24 व्होल्टचेच घ्या.