दुखत नाही, म्हणूनच बघ

प्रिय बाबू,

लघवीच्या भोकाखाली चीर पडलीय, नळीभोवती चिकट ओल असते, हे सगळं सविस्तर लिहून शेवटी विचारतोस, ‘काका, दुखत तर नाही, मग गणेश चवथ झाल्यावर दाखवलं तर चालेल ना?’ नाही चालणार. तुला तिथे दुखणारच नाही. मणक्याला मार बसला तेव्हापासून तिथली खबर वर पोचत नाही. आपल्यासारख्यांना दुखण्यावर विसंबता येत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. रोज.

चीर का पडली ते समजून घे. फोलीची नळी, म्हणजे लघवीसाठी कायम ठेवलेली तुझी ही नळी, आत मूत्राशयात फुग्याने अडकलेली असते आणि बाहेरून पिशवीचं वजन तिला खाली ओढत राहतं. विहिरीच्या कठड्याला दोर घासून घासून खाच पाडतो ना, तशी ती लिंगाच्या खालच्या कडेला कापत जाते. अशी चीर आपोआप सांधत नाही. ओढ चालू राहिली तर मागे मागे वाढत जाते. दुसरी नाजूक जागा लिंग आणि अंडकोश जिथे मिळतात तिथली. मूत्रमार्गाला तिथे वळण आहे. नळी आतून दाबत राहिली की गळू होतं, आणि ते फुटलं तर लघवी तिथूनच झिरपायला लागते. दोन्ही जागा बघ. आंघोळ झाली की खिडकीजवळ बस, हातात छोटा आरसा धर, लिंग वर उचलून खालची बाजू बघ. सूज, लाली, ओल, वास. आईला दाखवायला संकोच वाटतो हे मला कळतं, म्हणून तर आरसा म्हणतो. मी जखमी झालो त्या काळात कुणी माझ्या हातात आरसा दिला नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

आजपासूनच नळी लोंबती ठेवायची बंद कर. बसलेला असताना मांडीला, आडवा झालास की वर पोटाकडे वळवून चिकटपट्टी लाव, थोडी सैल सोडून. बाजू बदलत जा. पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची. आणि वैतागून नळी ओढू मात्र नकोस, आत फुगा आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझे दोन्ही हात धडधाकट आहेत. मग कायमची फोली कशाला? दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. इंग्लंडात स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. गुटमन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर ठरावीक वेळाने नळी घालण्याची हीच पद्धत निर्जंतुक करून रुजवली. 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की ऑपरेशन थिएटरसारखी सोवळी तयारी लागत नाही, हात स्वच्छ धुतलेले पुरतात. मूत्राशय तुडुंब भरून ताणलं जाणं जास्त वाईट. एका वेळी पाचशे मिलिलिटरच्या वर लघवी निघाली तर पुढची वेळ अलीकडे आण.

तू म्हणशील, बाहेर सोय नाही. पणजीत 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला, रॅम्पची चर्चा सुरू झाली, चांगलं झालं. पण गावच्या जत्रेला व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट अजून शोधावं लागतं, हे मी नाकारत नाही. म्हणून मी घरून निघतानाच नळ्या, जेली, साबण, पाणी आणि रुंद तोंडाची बाटली घेतो. गाडीच्या काचेला टॉवेल लावला की काम होतं. भाचीच्या लग्नात अक्षता पडत असताना मी उठून गेलो. लोक अजून बोलतात. बोलोत. माझी वेळ झाली होती, आणि माझा मूत्रमार्ग आज शाबूत आहे तो या हट्टामुळेच. हट्टी म्हणणाऱ्यांपैकी एकानेही माझी नळी घातलेली नाही.

शिकताना एक सांभाळ. नळी आत जाता जाता अडते, कारण तिथला स्नायू आखडतो. थांब. लांब श्वास घे, लिंग वर ताणून धर, स्नायू सैल पडला की हलका दाब दे. जोर लावलास तर नळी भलतीकडेच वाट पाडते, आणि मग प्रत्येक नळी त्याच खोट्या वाटेत शिरू बघते. एका दवाखान्यात घाईघाईने माझ्यावर असाच जोर लावला गेला. मला कळलं केव्हा, तर चादर लाल दिसली तेव्हा! म्हणून नळी काढलीस की तिचं टोकही बघ. कधी एखादा थेंब रक्त दिसेल. पण वारंवार दिसलं, किंवा दर वेळी त्याच जागी नळी अडू लागली, तर मार्ग आतून आकसत असेल. ते अंगावर काढायचं नाही.

चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी तुझ्याशिवायही बांधली जाईल. याच आठवड्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या युरोलॉजीत (मूत्रविकार विभागात) जा. पाकिटावरचा नळीचा नंबर आणि शेवटची बदलल्याची तारीख लिहून ने. चीर किती मागे गेलीय ते विचार. ती सांधायची असेल तर तोवर नळी ओटीपोटातून घालता येते, त्याबद्दल विचार. स्वतः नळी घालायला कधी शिकवतील, हेही विचारून ये. त्याआधी थंडी वाजून ताप आला किंवा अंडकोशाकडे सूज दिसली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जायचं. गाडीची अडचण असेल तर आज रात्रीच कळव, माझा पुतण्या घेऊन जाईल.

तुझा,
काका