डिझेल मुरलेली जमीन आणि तिच्यातलेच जिवाणू

प्रश्न : आमच्या शेतालगतच्या रस्त्यावर गेल्या महिन्यात डिझेलचा टँकर उलटला आणि सुमारे एक गुंठा काळ्या जमिनीत डिझेल मुरले. तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर टाका, असे एका विक्रेत्याने सुचवले आहे. डॉ. आनंद चक्रवर्ती यांनी असे जिवाणू तयार केल्याचे वाचले होते. ही पावडर घ्यावी का?
— एक शेतकरी वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : पावडरीवर पैसे घालवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉ. चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या स्यूडोमोनास जिवाणूला पेटंट मिळू शकते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये दिला आणि त्यामुळे तो जिवाणू जगप्रसिद्ध झाला. मात्र तेलगळती साफ करण्यासाठी तो कधी उघड्यावर वापरला गेला नाही. डिझेल पचवू शकणारे जिवाणू बहुतेक सर्व जमिनींत मुळातच असतात आणि तेल मिसळले की काही आठवड्यांत त्यांची संख्या आपोआप वाढते.

मार्च 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन व्हॅल्डीझ' या जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर खनिज तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यांवर प्रामुख्याने नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेले खत टाकण्यात आले, आणि तिथल्याच जिवाणूंनी तेल अधिक वेगाने पचवले. बाहेरच्या जिवाणूंची विक्रीतील उत्पादनेही तिथे आजमावली गेली. पण नुसत्या खतापेक्षा त्यांचा लक्षणीय अधिक उपयोग दिसला नाही. 'टेरी' या ऊर्जा-पर्यावरणविषयक संशोधन संस्थेने विकसित केलेले 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण आपल्याकडील तेलक्षेत्रांत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत उपयोगी पडले आहे, परंतु तिथला प्रश्न दाट, चिकट तेलकट गाळाचा असतो, तुमच्यासारख्या जित्या जमिनीचा नव्हे.

तुमच्या जमिनीला खरी गरज आहे ती वाफशाची, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळती असण्याची. एक किलो डिझेल पूर्ण पचवायला जिवाणूंना तीन किलोंहून अधिक प्राणवायू लागतो आणि काळी माती ओली झाली की तिच्यात हवा शिरणे जवळजवळ थांबते. त्यात डिझेलमुळे मातीच्या कणांवर तेलाचा थर बसतो आणि पाणीही नीट मुरत नाही. म्हणून कुजलेले शेणखत व बारीक केलेला काडीकचरा मिसळून माती भुसभुशीत करावी, दर आठ-दहा दिवसांनी कुळवाने खालवर करावी आणि मुठीत दाबल्यास गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, इतकीच ओल ठेवावी.

दुसरी गरज नत्राची. डिझेलमध्ये कार्बन भरपूर असतो, नत्र आणि स्फुरद मात्र जवळजवळ नसतात, म्हणून कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण साधारण 100:10:1 धरण्याचा प्रघात आहे. एक गुंठ्याच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 20 टन माती भरते. तिच्यात एक टक्का, म्हणजे 200 किलो डिझेल असेल तर त्यातील सुमारे 170 किलो कार्बनसाठी हिशेबाने 17 किलो नत्र, अर्थात सुमारे 37 किलो युरिया येतो. हा आकडा कमाल मर्यादा समजावी. एवढा युरिया एकदम टाकला तर ज्या जिवाणूंना पोसायचे तेच अमोनियाने आणि क्षारांनी मरतील, म्हणून तो सिंगल सुपर फॉस्फेटच्या जोडीने थोडा थोडा, काही महिन्यांत विभागून आणि मध्ये माती तपासून द्यावा.

वास गेला म्हणजे डिझेल गेले, असे मानू नये. हलका भाग हवेत उडून जातो. सरळ साखळीचे घटक जिवाणू लवकर संपवतात, पण अनेक वलयांचे घटक रेंगाळतात. काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि प्रयोगशाळेतून मातीतील एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनचे, म्हणजे उरलेल्या तेलाच्या घटकांचे, प्रमाण तपासून घेतल्याशिवाय त्या तुकड्यात खाण्याचे पीक घेऊ नये. दरम्यान कुंडीत ती माती आणि शेजारची चांगली माती वेगवेगळी भरून मेथीचे दाणे टाकून पाहावेत. दोन्हींकडची उगवण सारखी होऊ लागली की सुधारणा कळते.

या सगळ्याआधी दोन कामे मात्र आजच करावीत : डबक्यांत डिझेल साचून राहिले असल्यास ते, विडी-काडी दूर ठेवून, उपसून काढावे, आणि पावसाचे पाणी त्या तुकड्यावरून विहिरीकडे वाहू नये म्हणून भोवती बांध घालावा. अपघाताची नोंद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही करावी, आणि विहिरीच्या पाण्यावर तवंग किंवा वास आढळल्यास ते पाणी तपासणी होईपर्यंत माणसांनी व जनावरांनीही पिऊ नये.