साथीतला फ्लू आणि दोन खोल्यांचं घर

प्रश्न : आमच्या सोसायटीत स्वाइन फ्लूचे तीन रुग्ण निघालेत. मला कालपासून १०२ ताप, कोरडा खोकला आणि अंग मोडून आलंय. केमिस्टने अझिथ्रोमायसिन दिलंय. घर दोन खोल्यांचं, बायको पाच महिन्यांची गरोदर, आईला मधुमेह. तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : तपासणीचं नंतर पाहू, आधी त्या दोघींची काळजी घ्या. गरोदरपणात आणि मधुमेहात फ्लू छातीत लवकर उतरतो. आजच डॉक्टरांना फोन करून घरची परिस्थिती सांगा. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध तुम्हाला द्यायचं का, आणि दोघींना प्रतिबंधक डोस हवा का, हे ते ठरवतील. दोघींपैकी कुणालाही नुसती कणकण आली तरी त्याच दिवशी दाखवा. त्यांच्यासाठी अहवालाची वाट पाहत औषध अडवून ठेवायचं नसतं, कारण पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तरच त्याचा पुरेपूर फायदा होतो. मोठ्यांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस.

अझिथ्रोमायसिन जिवाणूंवरचं आहे, फ्लूच्या विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

तापासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकींत पॅरासिटामॉल असतंच, आणि नकळत दुप्पट डोस पोटात जातो. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा. पावसाळ्यात डेंग्यूही असतो आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक खोली तुमची, खिडकी उघडी. बाहेर येताना मास्क लावा, जेवण वेगळं घ्या. शुश्रूषा बायको-आईकडे नको, दुसरं कुणी असेल तर पाहा. तापाची गोळी न घेता २४ तास तापाविना जाईपर्यंत कामावर जाऊ नका.

आता लक्ष श्वासावर. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, गुंगी, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. तपासणी आणि भरती तिथे होईल. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : ताप उतरून दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो खोकल्यासह परत चढतो. हा बहुधा न्यूमोनिया असतो. अशा वेळी अँटिबायोटिक लागतं, पण डॉक्टरांनी छाती तपासल्यावर.

प्रश्न : साथ सुरू झाल्यावर लस घेऊन उपयोग आहे का?

उत्तर : आहे. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. २००९ च्या साथीतला एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, आता हंगामी झालाय आणि लशीत त्याचा अंश असतो. गरोदर स्त्रियांना कुठल्याही महिन्यात चालते. मागच्या वर्षी घेतली असली तरी यंदा पुन्हा घ्यावी लागते. अंगात ताप असेल तर मात्र तो उतरल्यावर घ्या.