विक्री वाढली, पैसा कुठंय?

प्रश्न: नाशिकला आमचं पोळीभाजी केंद्र आहे, यंदा विक्री चांगली वाढली तरी महिनाअखेरीस गल्ल्यात काहीच उरत नाही. नेमकं बघायचं काय?

उत्तर: ताई, विक्रीचा आकडा बघून खूश होणं सोडा आधी. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने शंभरेक वर्षांपूर्वी एक साधी फोड केली होती, भांडवलावरचा परतावा म्हणजे विक्रीवर सुटणारा टक्केवारीतला नफा (मार्जिन) गुणिले भांडवल वर्षात किती वेळा फिरलं (गुंतवलेल्या पैशाच्या किती पट विक्री झाली). म्हणजे 10 टक्के मार्जिन पण पैसा वर्षात एकदाच फिरला तर परतावा 10 टक्के, आणि 2 टक्केच मार्जिन पण 12 वेळा फिरला तर 24! किराणावाले कमी मार्जिनवर टिकतात ते यामुळेच.

आता तुमचं बघा. वाढलेली विक्री आली कुठून? ॲपवरून आली असेल तर कमिशन वजा करून एका थाळीवर किती सुटतं ते मांडा, पोळ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरी आणि गॅस धरून बरं का, हे सगळेच विसरतात. आणि ऑफिसचे डबे उधारीवर जात असतील तर नफा वहीत दिसतो पण पैसा गिऱ्हाईकाकडे पडलेला असतो, माझा संशय इथेच जास्त आहे.

रात्री उरलेली भाजी किती किलो फेकली तेही लिहा. जाहिरात, नवा बोर्ड वगैरे नंतर. आधी उधारीची वही उघडा आणि सगळ्यात जुनी बाकी कोणाची आहे त्यांना उद्याच फोन लावा.