सोशल ऑडिट (कामगारांना कसं वागवतात याची तपासणी) पास झालेल्या कारखान्यातले कपडे घेतले तर कामगारांची पिळवणूक थांबते का?

नाही.

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मी टाइम ऑफिसला होते. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक सगळं माझ्या टेबलावरून जायचं. मस्टर दोन असायची, एक खरं आणि एक ऑडिटरला दाखवायचं. ऑडिटची तारीख आधी कळायची, फी कारखानाच भरायचा. यावरून काय ते समजा.

एका हंगामात कापड कटिंगला गेल्यावर खरेदीदाराने बटणांचा रंग बदलला. नवीन बटणं यायला वेळ लागला, शिपमेंटची तारीख मात्र तीच. जहाज चुकलं तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडं कारखान्याने सोसायचं, हे ऑर्डरमध्येच लिहिलेलं. मग काय, लाइनी रात्री उशिरापर्यंत चालल्या, रविवारीसुद्धा. एकीच्या नखातून सुई गेली; पट्टी बांधून ती परत मशीनवर बसली, कारण खाडा झाला की हजेरीचा बोनस जातो.

पुढच्या ऑडिटला हे सापडलं. ऑडिटर पक्का होता. तुटलेल्या सुयांची नोंदवही त्याने मागून घेतली आणि मस्टरशी ताडून पाहिली, तर रविवारच्या तारखेला सुया तुटलेल्या! ती वही लपवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सुधारणा-आराखड्यात कारण काय लिहिलं? 'कारखान्याच्या नियोजनाचा अभाव.' खरेदीदाराच्या कम्प्लायन्सच्या, म्हणजे कारखाना नियम पाळतो का ते बघणाऱ्या, मॅडम आम्हाला नियोजन शिकवायला आल्या. मी बटणांच्या ईमेलची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. "तो मर्चंडायझिंगचा विषय आहे, माझा नाही," म्हणाल्या. मर्चंडायझिंग म्हणजे ऑर्डरी देणारा त्यांचाच विभाग. म्हणजे ऐन वेळी ऑर्डर बदलणारे आणि आमचे तास मोजणारे एकाच कंपनीचे, पण एकाचं काम दुसऱ्याला माहीत नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला 2012 मध्ये एसए 8000 हे कामगारांच्या हक्क-सुरक्षेचं सर्टिफिकेट मिळालं आणि काही आठवड्यांतच, 11 सप्टेंबरला, तिथल्या आगीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. बांगलादेशातल्या राणा प्लाझा या इमारतीतल्या शिलाई कारखान्यांचीही ऑडिटं झाली होती. आदल्या दिवशी भेगा दिसल्यावर खालची बँक बंद झाली, शिलाईवाल्यांना मात्र 24 एप्रिल 2013 ला कामावर चढवलं. इमारत कोसळली, 1,134 मेले. अशा वेळी "आम्ही आत जाणार नाही" म्हणायला युनियन लागते. एकटीने म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशी गेटबाहेर.

त्यानंतरचा बांगलादेश अ‍ॅकॉर्ड, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षेचा करार, मी मानते. तो ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता, त्यावर कामगार संघटनांच्या सह्या होत्या आणि तपासणीचे अहवाल कुणालाही वाचता येत. तेव्हा ब्रँड कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर करतो का आणि असल्या करारावर त्याची सही आहे का, एवढं बघा. महाग लेबल म्हणजे बरा पगार, हे डोक्यातून काढा. आमच्याकडे महाग-स्वस्त दोन्ही लेबलं एकाच लाइनवर लागायची.

आता, ऑडिटने काहीच होत नाही असंही नाही. आमच्या आपत्कालीन दाराचं कुलूप ऑडिटमुळेच निघालं, आणि सगळेच ऑडिटर विकले गेलेले नसतात. पण त्या आराखड्यात खरेदीदारासाठीही रकाना हवा: बदल कधी कळवला, तारीख पुढे ढकलली का, विमानाचं भाडं कुणी भरलं. मॅडमना मी तेव्हाही हेच सांगत होते.