खिडकीतला दिवा कोणाला विचारून लावायचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहणारे बेने इस्रायली. इमारतीत ज्यूंचे घर आमचे एकटेच. हनुक्का, म्हणजे रोज एक दिवा वाढवत आठ दिवस साजरा करायचा आमचा सण, आला की ‘ही तुमची दिवाळी का?’, ‘म्हणजे ख्रिसमसच ना?’ या प्रश्नांनी जीव मेटाकुटीला येतो. जवळपास मेणबत्त्या मिळत नाहीत, ऑफिसातून लवकर निघता येत नाही. गेल्या वर्षी आगीची भीती सांगून सेक्रेटरींनी दाराबाहेरचे दिवे उचलायला लावले. दिवाळीत त्याच जिन्यात पणत्यांची रांग होती. यंदा खिडकीत लावायचे ठरवले, तर दहा वर्षांची मुलगी म्हणते, ‘नको, सगळे विचारतात.’ काय करावे?

उत्तर : मुलीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण आधी व्यवहाराचे उरकून घेऊ.

हनुक्कात कामाला मनाई नाही आणि एरवी लोकलने उशीर केला तरी घरची माणसे जागी असेपर्यंत दिवे लावता येतात. तेव्हा आठही दिवसांची सवलत मागू नका. यंदा मात्र पहिला दिवा ४ डिसेंबरला आणि आठवा ११ डिसेंबरला, म्हणजे दोन्ही शुक्रवारी आहेत, आणि त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांच्या आधी, सूर्यास्तापूर्वी लागायला हवेत. या दोन दिवशी दुपारी लवकर निघण्याची परवानगी आत्ताच लेखी मागून ठेवा.

राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला खरा, पण तो कागद जिन्यातल्या कुरबुरीत कामाला येत नाही. जिना सामाईक आहे. तिथे नियम असेल तर तो पणत्यांनाही लागू करा, एवढेच सभेत शांतपणे म्हणा. आपल्या खिडकीच्या आत दिवा लावायला मात्र सेक्रेटरींची परवानगी मागत बसू नका, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा हीच मुळात रीत आहे.

‘तुमची दिवाळी का?’ म्हणणाऱ्यावर मी तरी रागावणार नाही. तुमच्याच पूर्वजांनी रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, ‘नव्याचा सण’ आणि पुरिम या सणाला ‘होळीचा सण’ म्हटले होते की! हनुक्काला तसे जुने मराठी नाव नाही, कारण कोकणातल्या बेने इस्रायलींना हा सण पुढे बाहेरच्या ज्यूंकडून कळला. शेजाऱ्यांना तो अनोळखी वाटला तर नवल नाही. तरीही दर वेळी हनुक्काच्या कथेतल्या मक्काबी वीरांपासून कथा सांगण्याचा मक्ता तुम्ही घेतलेला नाही. ‘नाही, हा हनुक्का’ एवढे उत्तर पुरे.

मुलीला दिवे नकोत असे मला वाटत नाही, तिला चौकशी नको आहे. रविवारी, तिसऱ्या दिव्याला, तिच्या दोन मैत्रिणींना बोलवा, किसलेल्या बटाट्याचे लाटके तळा आणि एकच गोष्ट दाखवा : बाकीचे दिवे शमाशने, म्हणजे त्यासाठीच्या जादा दिव्याने, पेटवायचे, आणि त्या दिव्यांच्या उजेडात वाचायचे नाही, काम करायचे नाही, नुसते बघायचे. मुलांना असला नियम फार आवडतो. एवढे करूनही तिला खिडकी नको असेल, तर यंदा दिवे टेबलावर लावा. सेक्रेटरींना विचारू नका म्हटले. तिला मात्र विचारा.

राहता राहिल्या मेणबत्त्या. शमाश धरून आठ दिवसांना ४४ लागतात, पण म्हणून वाढदिवसाच्या केकवरच्या आणू नका. अंधार पडल्यावर अर्धा तास तरी दिवा तेवायला हवा, आणि शुक्रवारी आधीच लावायचा असल्याने त्याहूनही जास्त वेळ. सरळ तेलवात करा. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यांच्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्या घरचा सण मेणबत्तीवाचून अडावा हे काही मला पटत नाही.