दुबईत येऊन दोन महिने झाले, सगळं आहे तरी रोज रडू येतं, माझंच काही चुकतंय का?

दुबई, शारजा, अबुधाबी, मस्कत, नवऱ्याची नोकरी तिकडे म्हणून मागोमाग गेलेल्या मुलींचे मेसेज मला, समुपदेशन करते म्हणून, साधारण जुलैत यायला लागतात आणि प्रश्न जवळपास हाच असतो. त्यातल्या एकीची गोष्ट तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती नाशिकची. बँकेतली चांगली नोकरी सोडून चार वर्षांच्या मुलाला घेऊन मे महिन्याच्या शेवटी दुबईला गेली. नवरा आधीपासून तिथेच, पण इतके दिवस शेअरिंगमध्ये राहत होता, आता फॅमिली येणार म्हणून त्याने अल नाहदात फ्लॅट घेतला. पहिल्या व्हिडिओ कॉलवर ती मला म्हणाली, ताई मला डिप्रेशन आलंय का तेवढं सांगा. मी म्हटलं आधी तुझा दिवस सांग. नवरा सकाळी सातला जातो, रात्री आठला येतो, मध्ये ती, मुलगा आणि एसी. खिडकी उघडली की गरम दमट वाफ आत येते म्हणून पडदेसुद्धा लावलेले. बाल्कनीत कपडे वाळत घातले तर वॉचमन येऊन सांगून गेला की इथे चालत नाही, दंड होतो. आणि तिकडे नाशिकला पाऊस सुरू झालेला, आई कौतुकाने फोनवर अंगणातला पाऊस दाखवायची आणि ही फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडायची.

नवरा वाईट नव्हता, पण त्याचं एक वाक्य तिला फार लागलेलं, बाहेर उन्हात बिल्डिंगवर चढणाऱ्या लोकांकडे बघ, तुला घरात एसी आहे. तिलाही ते पटायचं आणि मग रडण्याच्या वर अपराधीपणा. त्या माणसांचे हाल खरेच आहेत, म्हणून तर तिथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. पण त्यांचं दुःख मोठं म्हणून हिचं खोटं ठरत नाही ना. दुसऱ्या सेशनला नवऱ्यालाही बसवलं आणि विचारलं, तू दिवसभरात किती माणसांशी बोलतोस? तो मोजायला लागला आणि मध्येच थांबला, कारण तिच्याकडे मोजायला तो आणि मुलगा सोडून कोणीच नव्हतं.

मला स्वतःला असं वाटतं की या मुलींना ऊन जेवढं त्रास देतं त्याहून जास्त कोंडून राहणं देतं, फक्त दोन्ही एकाच वेळी येतं म्हणून सगळा दोष उन्हाला जातो. दुसरं म्हणजे तिथलं वर्ष आपल्या उलटं चालतं. आपल्याकडे मे संपला की सुटलो, तिथे जून ते सप्टेंबर हा घरात बसायचा सीझन, पारा पंचेचाळिशीच्या आसपास आणि वर समुद्राची दमट हवा, आणि खरं बाहेरचं आयुष्य नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा बागा, बीच सगळं भरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून जुन्या भारतीय फॅमिली गावी गेलेल्या असतात, म्हणजे ही जरा स्थिरावेपर्यंत जिच्याशी मैत्री व्हावी अशी बाईच बिल्डिंगमध्ये उरली नव्हती, आणि हिला वाटायचं मलाच माणसं जोडता येत नाहीत.

औषधाचा विचार करण्याआधी तिला डॉक्टरकडे पाठवलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी बघायला. एवढं कडक ऊन असलेल्या शहरात डी कमी निघणं लोकांना पटत नाही पण तिथे ते खूप कॉमन आहे, कारण उन्हात कोणी जातच नाही. तिचंही बरंच कमी निघालं, डॉक्टरांनी डोस दिला, थकवा हळूहळू उतरला.

मग आम्ही दिवस उलटा केला. जून-जुलैत तिथे साडेपाचच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा मुलाला उठवून खाली एक चक्कर, घाम आला तरी चालेल पण आकाश दिसलं पाहिजे. दुपारी सरळ झोप. संध्याकाळी एक दिवसाआड मॉलमध्ये चालायला, खरेदी नाही फक्त चालायचं, आणि मेट्रोने एकटीने जायचं, बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो तिथे. पाणी तहान लागायच्या आधी, सोबत ताक, तिथे लबान म्हणून मिळतं ते जवळपास तेच. आणि रोज एका तरी नवीन माणसाशी दोन वाक्यं बोलायची, हा सगळ्यात अवघड भाग होता, आठवडाभर तिने टाळलाच.

शेवटी ती लिफ्टमध्ये एका मल्याळी काकूंशी बोलली. तक्रार काय तर नळाला उकळतं पाणी येतं, गच्चीवरच्या टाक्या तापतात त्यामुळे मुलाला आंघोळ घालता येत नाही. काकू म्हणाल्या, अगं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा, त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीने निवतं, मग गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोड. पुढच्या कॉलवर हे सांगताना ती पहिल्यांदा मोकळं हसली. त्याच काकूंनी पुढे बर दुबईतल्या मीना बझारमध्ये नेलं, मेतकूट कुठे मिळतं ते दाखवलं, आणि सांगितलं की ऑगस्टच्या शेवटी पहाटे सुहैल तारा दिसला की इथले लोक म्हणतात आता उन्हाळा उतरणीला लागला. तो आपला अगस्त्यच, तिच्या आजोबांनी तिला लहानपणी दाखवलेला. उन्हाळा लगेच संपत नाही, सप्टेंबरही तापतोच, पण त्रासाला शेवट आहे हे कळल्यावर माणूस टिकतो.

ऑगस्टमध्ये ती तीन आठवडे नाशिकला येऊन गेली, रिटर्न तिकीट आधी काढूनच, तो माझा हट्ट होता, कारण ओपन तिकिटावर आलेल्या मुली परतीचा निर्णय रोज नव्याने घेत बसतात आणि त्यात जास्त झिजतात. आता मुलाची शाळा सुरू आहे, ती ड्रायव्हिंग क्लासला जाते (आपलं लायसन्स तिथे राहणाऱ्यांना चालत नाही, टेस्ट द्यावीच लागते). नोकरी अजून नाही आणि स्वतःचा पगार नसल्याची टोचणी आहेच, नवऱ्याच्या व्हिसावर असली तरी वर्क परमिट काढून काम करता येतं म्हणून अर्ज चालू आहेत. त्यावर आम्ही अजून बोलतोय.

तारीख हातात असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. उन्हाळ्यातच जावं लागलं तर परत यायचं की राहायचं हे तिथला जानेवारी महिना एकदा बघितल्याशिवाय ठरवू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, मुलाकडेही बघवत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर जानेवारीची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. आणि घरात मारहाण होत असेल किंवा तुमचा पासपोर्ट कोणी काढून घेतला असेल तर हा उन्हाळ्याचा प्रश्नच नाही, दुबईत पोलिसांचा नंबर 999 आहे आणि दुबईच्या भारतीय कौन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, आधी तिथे फोन करा, मग मला.